आठ अक्षरांचे कुलूप आणि मुल्लाणी सर

जून महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. आपल्या दूध संघाच्या कार्यालयात जिन्याखालच्या फलकासमोर उभा राहून मी एक सूचना तिसऱ्यांदा वाचत होतो. मुलाखत साडेदहाला होती. सूचना साधी होती : आपला संकेतशब्द कोणालाही सांगू नये. पण दुसऱ्या ओळीत ‘संकेतशब्ध’ असे लिहिले होते. त्याआधी दोन वर्षे मी मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफे तपासत होतो. त्या सवयीने चुकीचे अक्षर दिसले की मला पुढे जाता येत नाही.

मागून आवाज आला, “काय वाचालाईस एवढं? पाठ करून परीक्षा द्यायची हाय काय?”

वळून पाहिले तर पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात चहाचा ग्लास असलेले एक गृहस्थ उभे होते. मी म्हणालो, “दुसऱ्या ओळीत ‘द’ पाहिजे. ‘ध’ झालाय.” बोलून झाल्यावर वाटले, नोकरी गेली. त्यांनी चष्मा लावला, फलकाजवळ गेले आणि म्हणाले, “व्हय की. मीच लिवलंय ते. दोन वर्षं माणसं ह्या जिन्यानं वरखाली करत्यात, एकानं सांगितलं न्हाय.” खिशातले एक पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिले. “कर दुरुस्त.”

साडेदहाला मुलाखतीच्या टेबलापलीकडे तेच बसले होते. ते आपल्या संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख, श्री. इसाक मुल्लाणी सर. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो आहे, हे मी त्यांनी विचारण्याआधीच सांगून टाकले. सरांनी एकच प्रश्न विचारला, “चूक दिसली की सांगतोस काय?” मी म्हणालो, “भीती वाटते, पण सांगतो.” सर म्हणाले, “भीती असू दे. तिला काय खायला घालाय लागतंय?” असा मी हंगामी ऑपरेटर झालो.

सरांच्या एकसष्टीच्या या अंकात त्यांच्या कामाविषयी अनेक जाणकार लिहितील. माझे शिक्षण कमी आहे, आणि मला सरांची एकच गोष्ट नीट सांगता येईल. ती माझ्या बाबतीत घडली, म्हणून ती सांगतो.

आपल्या संघाला गावोगावच्या दूध संस्था जोडलेल्या आहेत. प्रत्येक संस्थेचा सचिव संघाच्या वेबसाइटवर आपला संस्था क्रमांक आणि पासवर्ड टाकून आत जातो आणि दुधाचे आकडे, पशुखाद्याची मागणी वगैरे भरतो. ही सगळी व्यवस्था सरांनी कुठल्या कॉलेजात न जाता, पुस्तके मागवून, स्वतः शिकून उभी केली. त्यात पासवर्ड मात्र कुठेही लिहिलेला नसतो. डेटाबेसच्या रकान्यात असते ते पासवर्डावर गणित करून तयार झालेले अक्षरांचे एक अगम्य कडबोळे. त्याला हॅश म्हणतात. सचिवाने पासवर्ड टाकला की सर्व्हर त्यावर तेच गणित पुन्हा करतो आणि उत्तर रकान्यातल्या हॅशशी जुळते का पाहतो. जुळले तर दार उघडते.

पासवर्ड विसरलेले सचिव फोन करून म्हणत, “सर, तुमच्याकडं असंल की लिवलेला, बघून सांगा.” सरांचे उत्तर ठरलेले असे, “दुधाचं दही होतंय, दह्याचं दूध होत न्हाय. माझ्याकडं नुसतं दही हाय. नवीन घाला.” दूध व्यवसायातल्या माणसाला याहून सोपे करून कोणी सांगेल असे मला वाटत नाही. मीसुद्धा हॅश म्हणजे काय ते याच वाक्याने शिकलो.

पूर्वी सर्वांचे पासवर्ड चार आकडी होते. मी रुजू झाल्यानंतर संघाने ते बंद केले आणि परिपत्रक काढले : सचिवांचा पासवर्ड किमान दहा अक्षरांचा असावा व शेवटी आकडे असावेत. हे परिपत्रक मी टाइप केले, तीन वेळा तपासले, एकही चूक राहू दिली नाही. सचिवांनी ते मनापासून पाळले. आपल्याकडे मनापासून पाळायचे म्हटल्यावर आधी देवीचे नाव येते. निम्म्या जिल्ह्याने इंग्रजी अक्षरांत ‘महालक्ष्मी’ लिहिले आणि पुढे ज्याचे त्याने आपापले आकडे घातले. कोणी गाडीचा नंबर, कोणी मुलीचे जन्मसाल. पासवर्डात फरक काय तो शेपटीला राहिला.

दुसऱ्या वर्षी, माझी मुदत वाढवायची की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीला आठवडा उरलेला असताना, गणपत आण्णा आले. आण्णा म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका संस्थेचे सचिव. त्यांचा संस्था क्रमांक ४७१. ते जिन्यात असतानाच त्यांचे बोलणे वर ऐकू येत होते.

“एकशे चाळीस पोती मागितल्यात मी, आणि गाडीतनं उतरली चाळीस. शंभर पोती काय वाटेत गाडीनं खाल्ली? बायका दारात येऊन बसल्यात. म्हशीस्नी काय परिपत्रक चारू?”

सर्व्हरवरची नोंद पाहिली. एकशे चाळीसचा आकडा खरोखर होता, पण दोन दिवसांनी दुपारी कोणीतरी आण्णांच्याच खात्यातून आत जाऊन तो पुसून चाळीस केला होता. आण्णा म्हणाले, “त्या दुपारी मी पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत गेलतो. माझा पासवर्ड माझ्या बायकोलाबी ठाऊक न्हाय.”

व्यवस्थापक साहेबांनी माझ्याकडे पाहिले. विसरलेले पासवर्ड बदलून देण्याचे काम माझ्याकडे होते. म्हणजे आण्णांच्या नावाने आत जाऊ शकणारा दुसरा माणूस जिल्ह्यात मीच. साहेब ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “विशाल, कुणाच्या सांगण्यावरनं केलं असशील तर आत्ताच सांग. बैठकीच्या आधी मिटवू.” आण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितले आणि म्हणाले, “पोरगं तर गरीब दिसतंय. असलीच असत्यात.”

मी काहीही केले नव्हते. पण माझा स्वभाव असा, की कोणी पुन्हा पुन्हा विचारले तर मलाच वाटू लागते, झोपेत केले असेल काय. त्यात परिपत्रकही मीच टाइप केलेले.

मुल्लाणी सर तोवर नोंदच वाचत होते. ते म्हणाले, “एक काम कर. माझ्या समोर बस आणि तू रोज आत कसा जातोस ते दाखव. न घाबरता.”

न घाबरणे शक्य नव्हते. माझा पासवर्ड इंग्रजी अक्षरांत ‘शुद्धलेखन’ असा होता. आता तो बंद झाला आहे, म्हणून इथे लिहितो. टाइप करताना शेवटून दुसऱ्या अक्षराला बोट घसरले आणि ‘ए’च्या जागी शेजारचा ‘एस’ दाबला गेला. पडद्यावर ठिपके दिसतात, अक्षरे दिसत नाहीत. पण टंकलेखन शिकलेल्या माणसाचे बोट चुकले की बोटाला कळते. मी पुसायला जाणार, तोवर सवयीने एंटर दाबले गेले. पान उघडले.

मी हात मागे घेतले. “सर, मी चुकीचा टाकला.”

साहेब म्हणाले, “उघडलं की.”

“उघडलं. पण मी चुकीचा टाकला.”

“अरे, उघडलं म्हणजे बरोबरच असणार,” साहेब वैतागून म्हणाले. “आता मशिनपेक्षा तुला जास्त कळायला लागलं?”

त्या खोलीत माझ्यावर विश्वास ठेवण्याचे कोणाला काही कारण नव्हते. यंत्र एक सांगत होते आणि ज्याच्यावर संशय आहे तो पोरगा दुसरे. सरांनी खुर्ची पुढे ओढली. “बाहेर ये, परत टाक. मुद्दाम चुकीचा टाक.”

टाकला. उघडले. शेवटची दोन अक्षरे टाकलीच नाहीत, तरी उघडले. सर म्हणाले, “एकेक कमी करत चल.” मी कमी करत गेलो. ‘शुद्धल’ एवढेच टाकले, इंग्रजीत आठ अक्षरे, तरी उघडले. ‘शुद्ध’ टाकले, सात अक्षरे, तर पुन्हा पासवर्ड मागणारी चौकट आली.

सर मागे टेकून बसले. मग म्हणाले, “आठ. आठच वाचतंय ते. पुढचं बघतच न्हाय.”

सरांनी सुरुवातीला हॅशचा जो प्रकार निवडला होता त्याचे नाव क्रिप्ट. हा प्रकार फार जुना. पासवर्ड कितीही लांब द्या, तो पहिली आठ अक्षरे घेतो आणि बाकीची टाकून देतो. इंग्रजीत, ‘क्ष’साठी ‘एक्स’ घालून, ‘महालक्ष्मी’ लिहिले तर नऊ अक्षरे होतात. म्हणजे आकड्यांपर्यंत तो पोचतच नव्हता. आमच्या परिपत्रकानंतर निम्म्या जिल्ह्याला एकाच किल्लीचे कुलूप बसले होते आणि प्रत्येकाला वाटत होते की आपली किल्ली वेगळी.

मी विचारले, “पण सर, रकान्यात तर प्रत्येक ओळ वेगळी दिसते. दोन हॅश सारखे कधीच पाहिले नाहीत मी.” सर म्हणाले, “मीठ घालतंय ते. प्रत्येकात वेगळं. एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या, मीठ कमीजास्त. चव वेगळी लागली म्हणून पीठ बदलत न्हाय.”

मग त्यांनी त्या महिन्याची यादी काढायला लावली. एका संस्थेची मागणीच आली नव्हती. क्रमांक ४१७. त्या महिला संस्थेच्या सचिव मंजुळाताई दर महिन्याला चाळीसच पोती मागतात. सरांनी फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

“ताई, तुमची पोती आली काय?”

“न्हाय की सर. मी वाटच बघालोय. मागणी तर कवाच भरली.”

“भरताना संस्था क्रमांक बघून घातलासा?”

“घातला की. चारशे... एकाहत्तर. न्हाय न्हाय, सतरा. थांबा, काय घातला मी?”

“असू दे. आता पासवर्ड मला सांगू नका. एवढंच सांगा, त्यात देवीचं नाव हाय काय?”

ताई म्हणाल्या, “मग दुसऱ्या कुणाचं असणार, सर?”

गणपत आण्णा खुर्चीत बसले. त्यांच्याही पासवर्डात देवीच होती. ताईंनी एक आकडा मागेपुढे केला आणि आपला पासवर्ड घातला. सर्व्हरने आठ अक्षरे जुळवून त्यांना आण्णांच्या घरात नेऊन सोडले. कोणी चोरी केली नव्हती, कोणी खोटे बोलले नव्हते. माझ्या छातीवरचे ओझे त्या क्षणी उतरले. पण खरा मोकळा श्वास मला पुढच्या दहा मिनिटांत मिळाला, आणि तो सरांमुळे.

साहेब म्हणाले, “ठीक आहे. बैठकीत ‘तांत्रिक अडचण’ म्हणून सांगू. विषय संपला.”

सर म्हणाले, “तांत्रिक म्हंजे कुणाची? यंत्रानं स्वतःहून न्हाय निवडलं. हे मी निवडलंय. पहिला पासवर्ड तयार केला तवा पडद्यावर एक ओळ आलती, की आठ अक्षरांपुढचं कापलं जाईल. मी वाचलीती ती ओळ. म्हटलं, आपले तर चारच आकडे हाईत. पुढं परिपत्रक निघालं तवा मला आठवायला पायजे होतं. न्हाय आठवलं.”

साहेब हळूच म्हणाले, “सर, तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. कशाला अंगावर घेता?”

“अंगावरच हाय ते. घ्यायचं काय त्यात?”

ज्या ओळीबद्दल जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते, ती आपण वाचली होती हे सरांनी स्वतःहून सांगितले. न सांगते तर कोणाला कळले असते? पण मग माझ्यावर थोडा संशय कायमचा राहिला असता.

सरांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही असे. तिच्यात विभागात झालेली प्रत्येक चूक तिच्या कारणासह आणि करणाऱ्याच्या नावासह लिहिलेली असायची. मला त्या वहीची धास्ती होती. त्या दिवशी सरांनी आमच्यासमोर ती उघडून स्वतःचे नाव घातले आणि कारण लिहिले : इशारा वाचूनही दुर्लक्ष केले. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, “शुद्धलेखन बघ.” चूक नव्हती.

त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. ही गोष्ट मी कार्यालयात कधी सांगितलेली नाही. माझ्यावर आळ आल्याची बातमी माझ्याआधी आमच्या पेठेत पोचली होती. वडील फाउंड्रीतून निवृत्त झालेले, दारातच खुर्ची टाकून बसले होते. सरांनी गाडी लावली, पण ते आत आले नाहीत. गल्लीत उभे राहून चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुमच्या पोरानं कायबी केलेलं न्हाय. चूक माझी हाय. त्यानं ती शोधून काढली.” समोरच्या घराची खिडकी उघडली. सरांनी तिकडे बघून तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटले. मग वडिलांना म्हणाले, “आता आत येतो. च्या टाका.” वडिलांनी त्या रात्री दोन वेळा भात घेतला, हे आई अजून सांगते.

यानंतर दुरुस्ती. घाईत सगळ्यांची खाती बंद करून नवे पासवर्ड वाटा, असे काहींचे म्हणणे होते. सरांनी ते मानले नाही. “कुलूप माझं चुकलं आणि उंबऱ्याबाहेर लोकांनी उभारायचं?” त्यांनी बीक्रिप्ट हा नवा प्रकार घेतला. त्याच्या प्रत्येक हॅशच्या सुरुवातीलाच त्याची खूण असते. त्यामुळे जुने आणि नवे हॅश एकाच रकान्यात सुखाने नांदतात, आणि कोणता कशाने तपासायचा हे सर्व्हरला खुणेवरून कळते. दह्याचे दूध होत नसल्यामुळे जुन्या हॅशवरून नवा करता येत नाही. प्रत्येक सचिवाने आपल्या हाताने पासवर्ड पुन्हा घालायचा, एवढाच मार्ग होता.

इथे मी चुकलो. पहिली चाचणी मीच केली. नवा पासवर्ड घातला आणि आत जाता येईना. दहा वेळा तपासला. शेवटी सरांनी रकान्याची रुंदी बघायला सांगितली. जुना हॅश तेरा अक्षरांचा, म्हणून रकाना तेरा अक्षरांचा, आणि मी तो तसाच ठेवला होता. नवा साठ अक्षरांचा. पुढची सत्तेचाळीस अक्षरे डेटाबेसने गुपचूप कापून टाकली होती. सर हसून म्हणाले, “जुन्यात पासवर्डाची शेपटी तुटत होती, तू हॅशची तोडलीस. गुरूचा चेला शोभतोस.” आणि निळी वही पुढे केली. मी माझे नाव लिहिले. मला वाटले होते, लिहिताना लाज वाटेल. वाटली नाही. चूक कागदावर गेली की डोक्यातून जाते, हे मला तेव्हा कळले. तोवर मी माझ्या सगळ्या चुका डोक्यातच ठेवत आलो होतो.

मी विचारले, “या नव्याला काही मर्यादा आहे का?” सर खुशीत आले. “आता बरोबर इचारलंस. बाहत्तर बाइट. आणि मराठी अक्षर तीन बाइट खातंय. म्हंजे मराठीत चोवीस. आपलं जोडाक्षर असलं की आणखी कमी. लिहून भिंतीवर लाव.” तो कागद आजही सर्व्हरच्या खोलीत आहे.

दोन आठवडे सर आणि मी त्यांच्या मोटारसायकलवरून गावोगाव फिरलो. सचिव पासवर्ड घालायला बसले की सर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहत. भिंतीवर कॅलेंडर असेल तर ते वाचत. सचिव म्हणायचे, “सर, तुम्ही बघितलासा म्हणून काय झालं?” सर वळत नसत. “मला ठाऊक नसलेलं बरं. उद्या काय झालं तर माझ्याकडं बघायला नको.” मीही त्यांच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागलो. सर्व सचिवांच्या खोल्यांतली कॅलेंडरे मला पाठ झाली.

गणपत आण्णांनी नवा पासवर्ड घातला आणि मग मुद्दाम शेवटचे अक्षर चुकवून पाहिले. एकदा, दोनदा, पाचदा. “न्हाय म्हणतंय,” ते म्हणाले. “प्रत्येक बारीला न्हाय म्हणतंय.” नकार मिळाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पावणं, जेवून जायचं. त्या दिवशी जीभ घसरली माझी.” सर म्हणाले, “त्याचं बोट घसरलं, तुमची जीभ घसरली. फिट्टंफाट झाली.”

दरम्यान झालेल्या बैठकीत सरांनी आपली चूक स्वतः वाचून दाखवली. माझी मुदत वाढली, पुढे नेमणूक कायम झाली. बारावीच्या इंग्रजीचा फॉर्मही सरांनीच भरायला लावला. तिसऱ्या वेळेला पास झालो.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सत्कार, नारळ, फोटो सगळे उरकल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “माझं खातं काढून टाक.” मी म्हणालो, “राहू दे की सर. कधी अडलं तर लागेल.” ते म्हणाले, “अडलं तर फोन कर. खातं कशाला?” मी डेटाबेसमधली त्यांची ओळ काढली. त्यांनी स्वतः खुर्चीवर बसून आपले नाव टाकले, पासवर्ड टाकला. मी भिंतीकडे तोंड केले. मागून एंटर दाबल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “न्हाय म्हणालं मला. आता बरं वाटलं.”

वळून पाहिले तर ते समाधानाने पडद्याकडे बघत होते. तीस वर्षे खपून उभी केलेली जागा त्यांना आत घेत नव्हती आणि त्यांना त्याचाच आनंद होता.

सर, गावोगावच्या रस्त्यांनी तुमचे गुडघे धरले आहेत. ते मोकळे होवोत. डोळ्यांना बारीक अक्षर वाचता येत राहो आणि झोप शांत लागो. तुमच्या अम्मींच्या हातचा चहा तुम्हाला अजून कैक वर्षे मिळो. अडले की मी फोन करीन, आणि तुम्ही तो उचलावा, एवढे निरोगी आणि दीर्घ आयुष्य तुम्हाला लाभो.